ऑफ-ग्रिड राहायचंय? मग आधी बादल्या मोजा

मागच्या मे महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर भावाचा मेसेज आला, "तीन किलोवॅटचं सोलर लावलंय, सबसिडी पण मिळाली, आणि आत्ता दुपारी दोन वाजता डोक्यावर ऊन तळपतंय तरी लाईट गेली म्हणून आम्ही अंधारात बसलोय, हे काय आहे??" त्यावर तीस जणांनी तीस सल्ले दिले, कोणी म्हणे इन्स्टॉल करणाऱ्याने फसवलं, कोणी म्हणे फ्यूज बघ. खरं तर सिस्टीम एकदम ठणठणीत होती. ती तशीच चालते.

तेव्हा लक्षात आलं की सोलर, ऑफ-ग्रिड, स्वयंपूर्ण हे सगळे शब्द आपण एकाच पिशवीत टाकतो. त्यात हल्ली रील्स बघा, नोकरी सोडून डोंगरात गेलेलं जोडपं, मातीचं घर, पॅनल, दोन कोंबड्या, मागे बासरी. बघून वाटतंच आपण पण जावं. आम्ही गेलोय, म्हणजे अर्धे गेलोय. लांजा तालुक्यात सासरचं जुनं कौलारू घर आहे, चार वर्षं झाली, वर्षातले सात-आठ महिने तिकडे असतो. मी इंजिनियर नाही, कॉमर्सवाली आहे, त्यामुळे जे कळलं ते हिशोबानेच कळलं. तेच लिहितेय.

## ग्रिड म्हणजे काय ते आधी

वीजकेंद्रापासून तुमच्या मीटरपर्यंत तारांचं जे जाळं आहे ते ग्रिड. त्याला न जोडता राहणं म्हणजे ऑफ-ग्रिड. मूळ अर्थ विजेपुरताच, पण लोक आता नळाचं पाणी, गॅस, गटार सगळंच धरतात आणि या लेखात मीही तसंच धरणार आहे.

भावाचं सोलर ऑन-ग्रिड आहे. डेअरीचं उदाहरण घ्या. तुमच्या म्हशीचं दूध जास्त झालं की डेअरीला घालता, म्हैस आटली की तिथूनच पिशवी आणता, महिन्याच्या शेवटी हिशोब. ऑन-ग्रिड सोलर हेच करतं, दुपारची जास्तीची वीज महावितरणकडे जाते, रात्री तिथून परत येते, बिलात वजावट होते. घरात साठवायला काही नाहीच. आता लाईट गेली म्हणजे लाईनवर काम करायला वायरमन खांबावर चढलेला असू शकतो, आणि तुमच्या पॅनलची वीज त्याच तारेत शिरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून ग्रिड बंद पडला की ही सिस्टीम स्वतःहून बंद होते. हे मुद्दाम केलेलं आहे. पीएम सूर्यघर योजनेत (२०२४ ला सुरू झाली, ३ किलोवॅटला ७८,००० पर्यंत सबसिडी) जे घरोघरी बसतंय ते हेच ग्रिडला जोडलेलं.

ऑफ-ग्रिडमध्ये डेअरीच नाही. म्हैस तुमची, फ्रिज तुमचा, आणि म्हैस आटली तर चहा कोरा. वीज साठवायला बॅटरी घ्यावी लागते आणि ऊन नसेल तेव्हा ती जितकी पुरेल तितकीच. दोन्हीच्या मधली हायब्रिड म्हणून एक जात आहे, ग्रिडही आहे आणि बॅटरीही, तिच्याकडे शेवटी येते.

## सगळे पॅनलपासून सुरू करतात, आम्ही पण केलं

आणि चुकलो. नवऱ्याने पहिल्या वर्षी उत्साहात पॅनल आणि बॅटऱ्या आणल्या, टेम्पोतून उतरवताना शेजारच्या आत्या (ऐंशीच्या पुढच्या आहेत, सगळं आयुष्य त्याच वाडीत) अंगणात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "ह्या सगळा ठीक आहे गो बाय, पण मे म्हयन्यात पानी खयसून आणशील?" आम्ही हसलो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात विहिरीने तळ दाखवला, आणि मग पंख्याखाली बसून टँकरवाल्याला फोन लावत होतो, तेव्हा हसू आलं नाही.

शिवकाळातल्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. गड म्हणजे ऑफ-ग्रिडचा बापच की, वेढा पडला तर खालून काही येणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट सांगितलंय की किल्ला बांधण्याआधी पाणी बघा, आणि पाणी नसलेल्या जागी बांधणं भागच असेल तर आधी खडक फोडून टाकी-तळी करा. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी बघा, सह्याद्रीत कुठल्याही गडावर जा, तटबंदी ढासळली असेल पण कातळातलं टाकं सापडतंच.

## पाण्याचा हिशोब, पाचवीच्या गणिताएवढा

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढंच लक्षात ठेवायचं.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस. आमचं छप्पर धरा १०० चौरस मीटर. म्हणजे ३ लाख लिटर, त्यातलं सांडलं-उडालं वीस टक्के सोडा, तरी २ लाख ४० हजार लिटर पाणी नुसत्या पागोळ्यांतून पडतं. पुण्याकडे ७०० मिलिमीटर धरलं तरी त्याच छपरावर ५६,००० लिटर.

आता लागतं किती? सरकारची जल जीवन योजना गावात माणशी रोज ५५ लिटर धरते, शहरात १३५ धरतात. आम्ही दोघं, ५५ लिटर, ऑक्टोबर ते मे २४० दिवस: २६,४०० लिटर. पडतं त्याच्या साधारण नववा हिस्सा!

मग इतका पाऊस पडून कोकणात उन्हाळ्यात टँकर का? कारण खाली जांभा आहे. जांभा म्हणजे चाळणी, पाणी आत जातं आणि उतारावरून खाली वहाळाला निघून जातं, दिवाळीपर्यंत अर्धं अरबी समुद्रात. देशावर खाली काळा कातळ, तिथे उलटं, पाणी आत शिरतच नाही, फटी असतील तिथेच मुरतं, म्हणून एका बोअरला धो धो पाणी आणि वीस फुटांवरची कोरडी ठाक. थोडक्यात पाऊस कमी नाही, टाकी कमी आहे.

२६-२७ हजार लिटर म्हणजे केवढी टाकी? १० बाय १० ची खोली, दहा फूट उंच, गच्च भरलेली. ऐकायला मोठी वाटते पण फेरोसिमेंटची (जाळी आणि सिमेंटच्या पातळ थराची) करतात ती काँक्रीटपेक्षा स्वस्त पडते. एवढं नसेल जमत तर फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरा, दोघांना आठ महिने ४,८०० लिटर. म्हणजे पाच हजारची एक काळी टाकी! आम्ही दुसऱ्या वर्षी एवढंच केलं आणि मे महिन्यातली निम्मी काळजी गेली, कारण आंघोळीला गढूळ चालतं, प्यायला नाही चालत.

दोनतीन गोष्टी मात्र पाळाव्याच लागतात. पहिले एकदोन पाऊस टाकीत घ्यायचे नाहीत, कौलांवरची धूळ, पाला, पक्ष्यांची घाण त्यात येते, ते सोडून द्यायचं. टाकीत उजेड शिरता कामा नये नाहीतर शेवाळ होतं, तोंडाला मच्छरजाळी हवी. आणि प्यायचं पाणी गाळून, उकळूनच. "पावसाचं पाणी शुद्ध असतं" हे आकाशात असेपर्यंत खरं.

## मग भाजीपाला?

इथे खरं पाणी जातं. एक गुंठा भाजी ठिबकवर जरी लावली तरी उन्हाळ्यात रोज ४०० लिटरच्या आसपास मागते, म्हणजे आमच्या दोघांच्या चौपटीच्या जवळ. त्यामुळे आम्ही उन्हाळी भाजीचा नाद सोडला, पावसात पडवळ, काकडी, भेंडी, आणि मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू, जे प्रत्येक कोकणी परसात आधीपासून होतंच आणि आम्ही ग्रे-वॉटर म्हणून नव्याने शोधून काढलं, असो.

धान्याचं सांगते. दोन माणसांना वर्षाला पोळी-भात मिळून २४० किलोच्या घरात धान्य लागतं. एक गुंठ्यात पंचवीस-तीस किलो भात आणि भरडल्यावर सतरा-अठरा किलो तांदूळ धरला तर नुसत्या तांदळासाठी तेरा-चौदा गुंठे. होण्यासारखं आहे. पण वानर आणि डुकरं तुमच्याआधी जेवतात. शेतीबद्दलच्या एकाही रीलमध्ये मी वानर बघितलेलं नाही, आणि आमच्या वाडीत भेटलेला एकही शेतकरी असा नाही ज्याने पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा विषय काढला नाही. तेल, मीठ, साखर, चहापत्ती, डाळी आम्ही सरळ दुकानातून आणतो आणि त्याबद्दल अजिबात अपराधी वाटत नाही.

## चूल पेटवायची कशावर

गोबरगॅस हे नाव सगळ्यांना माहीत असतं, आकडे माहीत नसतात. एक किलो शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. एक घनमीटर (हजार लिटर) गोबरगॅस म्हणजे जवळजवळ ४३० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. आम्हाला १४.२ किलोचं सिलिंडर दीड महिना जातं, म्हणजे रोज सव्वातीनशे ग्रॅमच्या आत. उलटा हिशोब केला की रोज अठरा-एकोणीस किलो शेण, म्हणजे गोठ्यात बांधलेली दोन जनावरं. चरायला सोडलेली नाही, ती रानात शेण टाकून येतात.

वाटलं सोपंय. पण एक गाय दिवसाला ४०-५० लिटर पाणी पिते, म्हणजे दोन गायींना आमच्या दोघांएवढंच पाणी लागणार, आणि वर चारा. शिवाय गाय घेतली की लग्नाला जाता येत नाही, आजारी पडता येत नाही. आम्ही घेतल्या नाहीत. शेजाऱ्यांच्या चार गुरांवर दीनबंधू प्लांट आहे (जमिनीत पुरलेला घुमटाचा प्रकार, १९८४ मध्ये आला), त्यांचं कुटुंब सात जणांचं, त्यांना तो बरोबर बसतो.

गुरं नसतील तर पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्व्यांनी, घरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारा छोटा गॅस प्लांट केला होता, शिळं अन्न, पीठ-भात असलं पिष्टमय काही त्याला शेणापेक्षा जास्त मानवतं. दोघांच्या घरात मात्र तेवढा कचराच होत नाही, चहा-दुधापुरता गॅस झाला तरी खूप.

आंघोळीला बंब. तांब्याचा, आजेसासूबाईंचा. नारळाची सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या, जे एरवी पडून कुजतं त्यावर दोन बादल्या कढत पाणी. गीझरला अर्ध्या तासात एक युनिट जातं, ऑफ-ग्रिडवाल्याला ते परवडत नाही, ते का ते आता बघू.

## आता वीज

युनिट म्हणजे १,००० वॉटची वस्तू एक तास चालली तर जेवढी वीज लागते तेवढी. तुमच्या बिलावर महिन्याचे युनिट लिहिलेले असतात, तीसने भागा, रोजचे निघतील. पुढे वाचायच्या आधी खरंच काढा.

आमचं तिकडचं असं आहे: ९ वॉटचे पाच दिवे पाच तास, सव्वादोनशे वॉट-तास (असे हजार झाले की एक युनिट). नव्या प्रकारचे कमी विजेचे दोन पंखे (३० वॉट, जुने ७५ चे असतात) दहा तास, सहाशे. छोटा फ्रिज आठशे. लॅपटॉप आणि वायफाय मिळून साडेपाचशेच्या आत. मिक्सर दहा मिनिटं, शंभर. पंप अर्धा तास, अडीचशे. बेरीज अडीच युनिट. इन्व्हर्टर आणि बॅटरीत ये-जा करताना गळती होते ती धरून सव्वातीन युनिट पॅनलवर तयार व्हायला हवेत.

एक किलोवॅट पॅनल आपल्याकडे चांगल्या उन्हात रोज ४ युनिट देतं. म्हणजे एक किलोवॅटच्या आतच भागलं? दुकानदार हेच सांगेल. पण जुलैत कोकणात दीड युनिट मिळाले तरी नशीब, त्यामुळे पॅनल सव्वादोन किलोवॅटचं लागतं. मग जानेवारीत त्यातून नऊ युनिट तयार होतात आणि निम्म्याहून जास्त वाया जातात, कारण डेअरी नाही. म्हणून उन्हाच्या दिवसांत आम्ही दुपारीच पंप लावतो, दुपारीच इंडक्शनवर वरण-भात करतो, कपडे दुपारी. सूर्य वर असताना कामं उरकणं, आज्जीलोकांना हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

बॅटरी समजून घ्यायला उजनी धरण आठवा. उन्हाळ्यात बातमी येते ना, "उजनी उणे इतके टक्के"? पाणी तर दिसतं, मग उणे कसं? कारण धरणात तळाशी मृतसाठा असतो, तो वापरायचा नसतो, उपयुक्त साठा संपला की उणे सुरू. आपल्या साध्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत (शिशाच्या, डिस्टिल्ड वॉटर घालायच्या) निम्मा मृतसाठा असतो. १५० एएच (अँपिअर-तास, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, वापरायचे फक्त ०.९. रोज उण्यात गेलात तर पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत मान टाकते. लिथियममध्ये मृतसाठा वीस टक्क्यांच्या आसपासच, म्हणून ती महाग असूनही लोक घेतात.

दोन दिवस ऊन नाही असं धरलं तर आम्हाला ५ युनिट साठा हवा, म्हणजे शिशाच्या सहा बॅटऱ्या. आणि आता यात एसी टाकून बघा, दीड टनाचा एसी रात्री आठ तास म्हणजे आठेक युनिट, एका एसीसाठी सगळं चौपट. त्यामुळे ऑफ-ग्रिडमध्ये पहिला खर्च पॅनलवर करू नका, कमी विजेचे पंखे आणि चांगला फ्रिज घेण्यावर करा. पंख्यात वाचवलेली वीज बॅटरीत दुप्पट वाचते. पंपाचं वेगळं, मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, इन्व्हर्टर छोटा असेल तर तिथेच बसतो, आमचा दोनदा बसला.

## "म्हणजे वीज फुकट ना?"

नाही हो. एक बॅटरी १५,००० धरा, सहाचे ९०,०००, पाच वर्षं चालल्या तर वर्षाला १८,०००. वर्षभरात वापर ९१२ युनिट. नुसत्या बॅटरीचाच खर्च युनिटला २० रुपये, पॅनल-इन्व्हर्टर वेगळे. महावितरणचे पहिले शंभर युनिट याच्या निम्म्याहूनही स्वस्त पडतात. दारात खांब असेल आणि पैसे वाचवायचे असतील तर ऑन-ग्रिड लावा आणि गप्प बसा, ऑफ-ग्रिड त्यासाठी नाहीच. खांब लांब असेल, नवीन लाईन ओढायला लाखांचं कोटेशन आलं असेल, किंवा आठ-आठ दिवस वीज जात असेल तिथे गणित बदलतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. मोबाईल चार्ज करायला लोक जनरेटरवाल्याकडे रांगेत. तेव्हा घरात एक पॅनल आणि एक बॅटरी असणं म्हणजे काय ते त्या लोकांना विचारा. पण त्याच वादळात छपरं उडाली तिथे पॅनलही उडाली असणार, म्हणून किनारपट्टीला स्ट्रक्चर पक्कं आणि गंज न लागणारं हवं, तिथे काटकसर करू नये.

शेतपंपाचं वेगळं आहे, तिथे सरकार ऑफ-ग्रिडलाच मदत करतं. कुसुम आणि "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे (अनुसूचित जाती-जमातीसाठी पाच). सातबारा आणि पाण्याचा स्रोत मात्र लागतो.

## "गावातले लोक आधी असंच राहत होते की"

राहत होते, आणि त्यांना विचारून बघा परत राहायचंय का. मुंबईच्या गेटवेसमोरचं घारापुरी बेट, एलिफंटा लेणी जिथे आहेत ते. तिथली तीन गावं फेब्रुवारी २०१८ पर्यंत ऑफ-ग्रिडच होती, संध्याकाळी काही तास जनरेटर, बाकी अंधार. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली तेव्हा लोकांनी जल्लोष केला. समोर रात्रभर मुंबई लखलखतेय आणि आपली पोरं कंदिलात अभ्यास करतायत, हे ऑफ-ग्रिड कोणी निवडलेलं नव्हतं. आपल्याला परत यायला फ्लॅट आहे, क्रेडिट कार्ड आहे, हा फरक विसरून गावातल्या माणसाला साधेपणाचं लेक्चर देऊ नये. आम्ही पहिल्या वर्षी दिलं होतं, आता आठवलं की लाज वाटते.

आणि संपूर्ण स्वावलंबी हा प्रकार तसाही नसतो. आमच्या टाकीची गळती गावातल्या गवंड्याने काढली, पॅनलवर पडलेली आंब्याची फांदी वाडीतल्या पोरांनी. उलट शहरात शेजाऱ्याचं नाव माहीत नसताना जगता येतं, तिकडे नाही येत.

## जागा, कागद, संडास आणि साप

जागा मे महिन्यात बघा. एजंट ऑक्टोबरात दाखवतो, सगळं हिरवंगार, वहाळ खळखळतोय. मे महिन्यात त्याच विहिरीत वाकून बघा आणि शेजारच्या बायकांना विचारा पाणी कुठून आणता, पुरुषांना नाही, बायकांना.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं, १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३. घरात कुणाच्या नावावर सातबारा नसेल तर बिगरशेती प्लॉट बघा. सातबारावर "इतर हक्क" हा रकाना नीट वाचायचा, सामायिक जमीन असेल तर सगळ्यांच्या सह्या (कोकणात पंचवीस नावं सहज निघतात, त्यातली पाच वारलेली, तीन परदेशात). पायवाट म्हणजे रस्ता नव्हे, टेम्पो जाईल असा रस्ता कागदावर आहे का ते बघायचं. शेतजमिनीत घर बांधायलाही परवानगी लागते. स्वतःपुरती वीज तयार करायला मात्र लायसन्स लागत नाही, २००३ च्या वीज कायद्यात तशी मोकळीक आहे.

संडास दोन खड्ड्यांचा करा, एक भरला की दुसरा चालू, पहिल्याचं वर्षा-दोन वर्षांत खत होतं. विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब, जांभ्यात आणखी लांब, चाळणी आहे हे विसरू नका. देहूच्या डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर हेच काम केलं, संडासाला गोबरगॅस जोडून दाखवला, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. नाक मुरडणाऱ्यांनी त्यांच्याबद्दल जरूर वाचावं.

आणि फुरसं. रत्नागिरीकडच्या कातळावर हा साप आहेच. सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं आणि रात्री तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे जागेचा व्यवहार करायच्या आधी विचारा. पंचेचाळीस मिनिटांच्या पुढे असेल तर मी तरी ती जागा घेणार नाही, वयस्कर माणसं सोबत असतील तर नाहीच नाही.

## मग सुरुवात नेमकी कुठून?

आहात तिथून, फ्लॅटमधूनच. एका शनिवारी सकाळी नळ बंद समजा, बादल्या भरून ठेवा आणि रविवार रात्रीपर्यंत त्यातच दोघांनी भागवा, प्रत्येक बादली भिंतीवर खडूने लिहा. आम्ही केलं तेव्हा पहिल्या दिवशी चौदा बादल्या लागल्या, निम्म्या फ्लशला. पुढच्या आठवड्यात मेन स्विच बंद ठेवून बघा (फ्रिज रिकामा करून हो!). या दोन दिवसांत भांडण किती होतं त्यावरून पुढचं ठरवा.

मग एक छोटं पॅनल, एक बॅटरी, एका खोलीचे दिवे-पंखा एवढंच त्यावर घ्या आणि एक पूर्ण पावसाळा काढा. गावात जागा असेल तर आधी पन्हळ आणि टाकी, विजेचं नंतर. भाड्याने घर मिळालं तर एक मे आणि एक जुलै तिथे काढा, विकत घ्यायची घाई कशाला.

आमच्या लांज्याच्या घरी महावितरणचा मीटर अजून आहे. काढून टाकूया असं नवरा दरवर्षी म्हणतो, वापरलं नाही तरी महिन्याला शंभर-दीडशे स्थिर आकार जातोच. मागच्या जुलैत नऊ दिवस सलग सूर्य दिसला नाही, पाचव्या दिवशी बॅटरीने मान टाकली, इन्व्हर्टर हायब्रिड घेतला होता म्हणून आपोआप ग्रिडवर गेला आणि फ्रिजमधलं आमरसाचं भांडं वाचलं. ते भांडं आत्यांकडे पोचवायला गेले तर त्यांच्याकडे लाईट नव्हती, त्यांचा फेज गेला होता, त्या चुलीपुढे बसून आरामात भाकऱ्या थापत होत्या.